शिंपीमास्तरांचा पक्का टाका

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनो, कुजबुज नंतर! शिंपीमास्तरांची गोष्ट सांगतो. हसू येईल तिथे खुशाल हसा, मास्तरांचीच परवानगी आहे. शेवटी एक मागणं मागणार आहे, तेवढं देऊन मगच उठा.

"माझा टाका आणि देवाचा शब्द, दोन्ही तुटायचे नाहीत!" गिऱ्हाइकाचं माप घेताना मास्तर ठासून सांगायचे. आणि खरंच, चाळीस वर्षांत त्यांची शिवण कधी उसवली नाही. कापड विरून जायचं, शिवण तेवढी उरायची!

मास्तरांची बायको म्हणजे आमच्या गल्लीची गाणारी मावशी. गल्लीमागे एक लहानशी नदी होती. तिच्या काठावर बसून मावशी आठवड्यातून एकदा गात गात चार चांगल्या गोष्टी सांगायची. देवाचं सांगता सांगता हळूच कचऱ्यावर घसरायची. "अरे, देवाने पाय धुवावेत असं हे पाणी, आणि तुम्ही त्यात केर टाकता!" लोक डोळे पुसायचे, माना डोलवायचे, आणि उठताना शेंगांची टरफलं नदीतच झटकायचे.

गेल्या वर्षी मावशी गेली. पाठोपाठ पालिकेने नदीला नळात घालून वर सिमेंटची झाकणं टाकायचं ठरवलं. "लोकांना नदीची काळजी आहे असं दिसलं, तर बघू," एवढंच पालिकेचे साहेब म्हणाले.

मास्तर पेटून उठले. "नाटक करू! नदी मी होतो!"

"मिशांसकट?" किराणावाल्या काकांनी विचारलं.

"मिशांसकट!"

बेत झकास होता. मावशी गाताना पांघरायची ती निळी शाल गळ्याशी आणि कमरेशी आवळून बांधायची. नदीतून उपसलेल्या साठ प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन तिच्यावर टाचायच्या. शेवटी मास्तरांनी मावशीचं गाणं म्हणायचं, लोकांनी एकेक करून पुढे यायचं, पिशवी खेचून काढायची, आणि खालून निळी, मोकळी नदी!

"बाबा, कच्चा टाका घाला हं," लेकीने बजावलं.

"मला शिवण शिकवतेस?"

मास्तर मशीनवर बसले. शाल हातात घेतली, तर तिला अजून मावशीच्या डोक्याच्या तेलाचा वास! आता तुम्हीच सांगा, तिच्या शालीला कच्चा टाका घालायला हात धजेल? साठच्या साठ पिशव्या दुहेरी शिवणीने बसल्या.

नाटकाला सगळी गल्ली लोटली. साहेब पहिल्या रांगेत. मास्तरांनी गाणं धरलं, "वाहते मी, वाहू द्या, अंगावरचं ओझं घ्या," आणि काका पुढे आले. पिशवीला हात घातला, खेचली. पिशवी नाही आली, मास्तर आले!

"अहो, हळू!"

"नदीबाई, जरा पाय रोवून उभ्या राहा की!"

पाववाला मदतीला धावला. मास्तर भोवऱ्यासारखे गरगर फिरले, तरी गाणं सोडेनात! डॉक्टरीणबाईंनी पदर खोचला, मास्तरांची कंबर धरली. "मी धरते, तुम्ही खेचा!" जणू अक्कलदाढ काढायची होती. पडदा कोसळला, पेटीवाला पेटीसकट त्याच्याखाली. लोक पोट धरून हसत होते.

आणि टर्रकन आवाज झाला.

शिवण नव्हे, शाल फाटली.

हसू तोंडातच राहिलं. ती शाल सगळ्यांच्या ओळखीची होती. मास्तर मंचावरच बसले, फाटक्या जागेवर तळवा ठेवला. "शिवण नाही उसवली," ते हळूच म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

लेक दुकानातून कात्र्या, सुया, ब्लेडं घेऊन आली. "खेचू नका," ती म्हणाली. "उसवा."

सगळे मास्तरांभोवती गोल बसले. एकेक टाका उसवायचा म्हणजे पिशवीकडे नीट बघावं लागतं.

"अरे, ही तर माझ्या दुकानाची!" काका दचकले.

"ही पण तुमचीच. आणि ही. वा काका, भरभराट आहे!"

"हसू नकोस पाववाल्या, तुझ्या नावाची इथे चवड लागलीय!"

"आणि ही औषधाची कोणाची, डॉक्टरीणबाई?"

डॉक्टरीणबाईंनी पिशवीवरचं आपलंच नाव अंगठ्याने झाकलं. मग थट्टाही थांबली. पेटीवाल्याने हलकेच मावशीची चाल धरली. तास-दीड तास कोणी घरी गेलं नाही. साहेबही मान खाली घालून उसवत होते.

"साहेब, राहील ना हो नदी?" मास्तरांनी विचारलं.

साहेबांच्या हातातली सुई थांबली. "मास्तर, मी सकाळीच सही करून आलोय."

महिन्याभरात नदीवर झाकणं पडली. पण काकांच्या दुकानात आता पिशवी मागून बघा! "घरून आणा," म्हणतात, आणि वर मावशीची ओळ गाऊन दाखवतात, तीही बेसूर. नदी पुढे जिथे उघडी होते, तिथे गल्लीतली माणसं दर रविवारी कचरा काढतात.

मास्तरांनी ती शाल शिवली नाही. दुहेरी शिवणीवरून त्यांचं मनच उडालं. परवा भर सभेत माझी विजार उसवली, पण मी त्यांना काही बोललो नाही.

तर मागणं एवढंच. त्या झाकणांमध्ये एक लोखंडी जाळी आहे. कान लावला की खालून पाणी ऐकू येतं. तिथून जाल तेव्हा क्षणभर थांबा, आणि आमच्या गाणाऱ्या मावशीची आठवण काढा.