पिवळ्या कॉस्ट्यूममधला मल्हार

लहान मूल सांभाळणं ही काही फार अवघड गोष्ट नाही, असं मी मागच्या रविवारी सकाळी सुलोचनाला ठामपणे सांगितलं. ठामपणे म्हणजे, ती मिक्सर चालवत होती तेव्हा.

मिक्सर थांबल्यावर तिनं विचारलं, "काही म्हणालात का?"

"मुलांना त्या नव्या थीम पार्कला नेतो म्हटलं. तिघांनाही. मी एकटा."

"तुम्ही?" पुस्तकांच्या कपाटानं उठून क्रिकेट खेळायला निघावं, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं!

तिचं फार चुकत नव्हतं. सगळी नोकरी मी कॉलेजच्या ग्रंथालयात केली, पण 'शांतता राखा' हे तोंडानं कुणाला सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही. मी पाटी लावली होती. पाटीसुद्धा जरा लहान अक्षरांतच होती.

पण आता प्रश्न इज्जतीचा होता. मुलगा निखिल आणि सूनबाई अमिता मुलांना घेऊन भोपाळहून इंदूरला आमच्याकडे आले होते आणि सोमवारी परत जाणार होते. मोठा यशवर्धन आणि मधली पलक मला आबा म्हणतात. दोन वर्षांचा मल्हार आजीला 'आजी' म्हणतो, समोरच्यांच्या कुत्र्याला 'मोती' म्हणतो आणि मला म्हणतो, 'भिया'! आल्या दिवशी पलकनं दूधवाल्याला इंदुरी थाटात 'भिया', म्हणजे भैया, अशी हाक मारली, तेव्हापासून मल्हारनं जगातल्या तमाम पुरुषांचा एकच गठ्ठा बांधून टाकला. दूधवाला भिया, भाजीवाला भिया, मी भिया! या घरात माझं काही वेगळं अस्तित्व आहे का, ही शंका मला अधूनमधून येतेच. आता तिला पुरावा मिळाला होता.

म्हणून मी बालमानसशास्त्रावरची दोन जाडजूड पुस्तकं वाचून काढली होती. एक अख्खा दिवस मुलाबरोबर एकट्यानं घालवा, नातं घट्ट होतं, असं दोन्हींत लिहिलं होतं. लेखकांना मुलं होती की नाही, ते कुठंच लिहिलं नव्हतं.

पार्क धार रोडवर, बेटम्याच्या अलीकडे. फाटकाशीच पहिला धक्का! "दादाजी, पानी में नायलॉन का कॉस्ट्यूम कम्पलसरी है." हिरव्या पोपटांची चित्रं असलेली चड्डी मी आयुष्यात पहिल्यांदा घातली. छोट्या मुलांना सगळ्यांना सारखाच पिवळा कॉस्ट्यूम आणि पिवळी टोपी. मल्हार त्यात अगदी आंब्यासारखा दिसत होता.

"और चश्मा लॉकर में, दादाजी. गिर गया तो अपनी जिम्मेदारी नहीं."

चष्म्याशिवाय मला माणसं दिसतात, पण ती कोण आहेत ते दिसत नाही.

"आबा, आम्ही बड़ी वाली स्लाइडवर जातो, लाइन लंबी आहे," यशवर्धन म्हणाला.

"तुम्ही मल्हारला पकडून ठेवा हं," पलकनं बजावलं. "इधर-उधर जाऊ नका!"

हे ती मल्हारला नाही, मला सांगत होती!

मग छोट्यांच्या उथळ तळ्यात मी आणि मल्हार. पाण्यात नेला की मल्हार ओरडायचा, "नी!" म्हणजे नाही. बाहेर काढला की "नी!" प्लास्टिकचं बदक दाखवलं, "नी!" पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसलो. त्यानं माझ्या नाकावर बदक मारलं.

त्या तळ्याच्या मधोमध उंच खांबावर एक राक्षसी बादली होती. ती हळूहळू भरत होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. एकदम धो धो! अख्खी बादली डोक्यावर! मुलं किंचाळत चहूकडे पळाली, माझं तोंड, कान, डोळे पाण्यानं भरले. पण मी डगमगलो नाही! डोळे उघडायच्या आत हात लांब केला आणि पिवळा कॉस्ट्यूम घट्ट पकडला.

आणि काय आश्चर्य! मल्हार गप्प! एकदम शहाणा!

मी त्याला कडेवर घेतलं, तो बिलगला. बदक दिलं, त्यानं त्याचा पापा घेतला! पोह्यांच्या स्टॉलवर नेलं. एरवी पोहे बघितले तरी तोंड फिरवणारा हा मुलगा, त्यानं अर्धी प्लेट खाल्ली आणि वर बोटानं दाखवून पोह्यांवरचा जीरावन मसालाही मागून घेतला! माझा ऊर भरून आला. अखेर इंदूरचं रक्त बोललं!

"म्हण, आबा," मी हळूच म्हणालो.

"नाना!" तो म्हणाला.

मी आनंदानं बाकावरून उठलोच! अक्षरं दोन होती, शेवटी 'आ' होता, आणि मुख्य म्हणजे 'भिया' नव्हतं! सोमवारपर्यंत बाकीची दुरुस्ती होऊन जाईल, असा हिशेब मी केला.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. "कृपया ध्यान दें! पीले कॉस्ट्यूम में एक छोटा बच्चा मिला है. नाम पूछने पर चिल्लाता है." मागून खरोखरच एक भयंकर किंकाळी ऐकू आली.

मी सहसा अनोळखी माणसांशी बोलत नाही. पण त्या दिवशी मी शेजारच्या बाकावरच्या बाईंना आपणहून म्हणालो, "लोग कैसे लापरवाह होते हैं, देखिए!"

"सच में, भाईसाब," त्या म्हणाल्या. "आपका कितना शांत है!"

"अनुशासन," मी म्हणालो. "और थोड़ा वाचन."

लाउडस्पीकर पुन्हा खरखरला. "बच्चा माइक नहीं छोड़ रहा है. अपने भिया को बुला रहा है. जिस भिया का हो, जल्दी ऑफिस में आए!" आणि मग पार्कभर गडगडाट झाला, "भिया! भिया! नी! नी! भियाऽऽ!"

हा आवाज कुठंतरी ऐकलाय, असं वाटत असतानाच यशवर्धन आणि पलक धावत आले.

"आबा! मल्हार तिथं ऑफिसात कसा गेला?"

"वेडी आहात का? हा काय मल्हार!"

पलक वाकून बघायला लागली. "आबा, हा कोण आहे?"

माझ्या हातातली पोह्यांची प्लेट पडली. मी पळालो! पोपटांच्या चड्डीत, अनवाणी, कडेवर कुणाचं तरी मूल घेऊन मी त्या तापलेल्या फरशीवरून असा पळालो की यशवर्धन मागे पडला.

ऑफिसपाशी पाच-सहा भिया आधीच जमले होते. त्यांच्यातून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. माझ्यासारखीच पांढरी मिशी, माझ्यासारखीच पोपटांची चड्डी!

"ओ भिया!" ते मालवीत गरजले. "म्हारा छोरा के कां ले जई रिया हो?"

"नाना!" माझ्या कडेवरचा शहाणा मुलगा म्हणाला.

"म्हारो गोलू!"

गर्दी माझ्याभोवती दाटली. गार्डनं मला पोपटांपासून मिशीपर्यंत न्याहाळलं. "दादाजी, दूसरे का बच्चा लेकर अपना माँगने आए हो?"

"वह... मैं... चश्मा..." माझं वाचन त्या क्षणी माझ्या काहीच कामाला आलं नाही.

"अंकल, ये मेरा छोटा भाई है!" धापा टाकत यशवर्धन म्हणाला.

"तुम रुको. बच्चा खुद बताएगा." गार्डनं टेबलावर बसलेल्या मल्हारला विचारलं, "बेटा, ये कौन हैं तेरे?"

मल्हारच्या दोन्ही मुठींत माइक होता. लांबवर फक्त बादली भरत होती. आता हा मला 'भिया' म्हणणार! मग गार्ड म्हणणार, ऐसे तो सब भिया हैं, आणि मी पोपटांच्या चड्डीत पोलीस चौकीवर जाणार. सुलोचना मला सोडवायला येईल का, याचीही मला खात्री नव्हती.

मल्हारनं माझ्याकडे पाहिलं. मग कडेवरच्या गोलूकडे पाहिलं. गोलूनं माझ्या खांद्यावर आरामात डोकं टेकलं होतं. मल्हारचा खालचा ओठ पुढे आला, थरथरला आणि माइकमधून अख्ख्या पार्कवर वीज कोसळली.

"नीऽऽ! माजा आबा! माजाऽऽ!"

वेव्ह पूलपासून पार्किंगपर्यंत सगळ्यांनी ऐकलं! मी कोण आहे हे इतक्या मोठ्या आवाजात आयुष्यात कुणी जाहीर केलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोलूच्या नानांनी गोलूला घेतलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हो गया फैसला, भिया!" मल्हारनं माइक टाकला आणि माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की घर येईपर्यंत सोडली नाही. त्यानं माझ्या कानात तीनदा 'नी' म्हटलं, पण प्रेमानं.

परतताना यशवर्धन आणि पलकला एक-एक मोठं आइसक्रीम दिलं. का, ते सुज्ञांना सांगायला नको.

घरी पोचल्यावर मल्हारला अंगणात उभं केलं. "सांग बेटा, मी कोण?"

"आबा!"

अमितानं टाळ्या पिटल्या, निखिलनं फोन काढला. सुलोचना पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "बाई गं! केलंत तरी काय तुम्ही?"

"पद्धत असते एकेक," मी म्हणालो. आइसक्रीमनं काम चोख केलं होतं. यशवर्धन आणि पलक आभाळाकडे बघत राहिली.

ती रात्र मी एखाद्या राजासारखा झोपलो.

सोमवारी सकाळी दाराची बेल वाजली. मल्हार धावत गेला. बाहेर दूधवाला.

"आबा!" मल्हार आनंदानं ओरडला.

थोड्या वेळानं भाजीवाला आला. तोही आबा झाला.

सुलोचना हळूच वळली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मग थेट स्वयंपाकघरात गेली. मीही मागोमाग गेलो आणि तिला मुद्दा नीट समजावून सांगितला, की दूधवाला नुसता आबा आहे, भाजीवालाही नुसता आबा, 'माजा आबा' मात्र संपूर्ण इंदुरात एकटा मीच. अगदी ठामपणे सांगितलं.

मिक्सर चालू होता.