कांस्य सामन्यातला आनंद

त्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या एका बास्केटबॉल संघाच्या व्यवस्थापनाच्या असं लक्षात आलं, की सगळे सामने सारखेच रंजक नसतात. प्रेक्षकांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं, पण त्यातून पैसे काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. व्यवस्थापनाला सुचलं. सामन्यांच्या सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशा श्रेणी झाल्या आणि तिकिटांचे दर श्रेणीप्रमाणे ठरले. पाहुणा संघ नामांकित आणि वार शनिवार, तर सुवर्ण. पाहुणा संघ सुमार, वार मंगळवार आणि बाहेर बर्फ, तर कांस्य. आपला संघ सगळीकडे तोच असल्यामुळे त्याचा दरांवर काही परिणाम होत नसे.

एडिसन गावातल्या चैत्रालीला हे कळलं, तोवर तिने मुलाला, ईशानला, मॅच दाखवायचं कबूल करून टाकलं होतं. सात वर्षांच्या ईशानची मागणी एवढीच होती, की खरोखरच्या मॅचला जायचं आणि चोवीस नंबरच्या खेळाडूसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचं. घरी ओरडायची सोय नव्हती. खालच्या अपार्टमेंटमधली बाई लगेच छताला झाडूचा दांडा ठोकायची.

"मंगळवारची बघू," तिचा नवरा प्रथमेश म्हणाला. "बॉल तोच, कोर्ट तेच."

"दुसऱ्या दिवशी शाळा आहे. आणि तिथे आवाज किती असेल. कान बिघडले म्हणजे?"

"कांस्य आहे गं. आवाजही बेताचाच असणार."

तेवढ्यात मराठी मंडळाने त्याच मंगळवारचं ग्रुप बुकिंग केलं आणि विषय संपला. खजिनदार पुरुषोत्तमकाकांचं म्हणणं, ग्रुप डिस्काउंट सोडणं म्हणजे घरी आलेल्या लक्ष्मीला हॅव अ नाइस डे म्हणण्यासारखं आहे.

स्टेडियममध्ये बसल्याबसल्या चैत्रालीने बाहेर पडायची दारं हेरून ठेवली, ईशानच्या कानांत कापसाचे बोळे घातले आणि त्याच्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली. मग लाउडस्पीकरवरून सूचना झाली. प्रेक्षकांचा आनंद आवाजावरून मोजण्यासाठी छताला एक काटा लावला आहे. काटा पिवळ्या रेषेपुढे गेल्यास, किंवा सामना बरोबरीत सुटून जादा वेळ खेळावा लागल्यास, हा कांस्य सामना सुवर्ण समजण्यात येईल. दरातला फरक बाहेर पडताना भरावा. सामन्याचा आनंद घ्या.

"म्हणजे मजा आली तर जास्त पैसे?" चैत्रालीने शेजारी बसलेल्या काकांच्या बायकोला, शरयूकाकूंना विचारलं.

"मजा येणार नाही गं," काकूंनी धीर दिला. "ह्यांनी सगळी चौकशी केलीय."

चौकशी चोख होती. बराच वेळ सामना दरानुरूप कंटाळवाणा झाला. पण शेवटी शेवटी आपल्या संघाला काय अवदसा आठवली कोण जाणे, तो चांगला खेळायला लागला. काटा हलला. पुरुषोत्तमकाका उठून मागे वळले.

"कंट्रोल करा, मंडळी. टाळ्या नकोत. कौतुक मनातल्या मनात."

मागच्या रांगेतल्या गोऱ्या गृहस्थाने काय चाललंय म्हणून विचारलं. प्रथमेशने समजावलं. गृहस्थाने तोंडाजवळ नेलेला भोंगा खाली ठेवला आणि बायकोला सांगितलं, बायकोने पलीकडच्यांना सांगितलं. बघता बघता सगळं स्टेडियम वाचनालयासारखं शांत झालं.

त्या शांततेत ईशान खुर्चीवर चढून ओरडला, "कम ऑन, ट्वेंटी-फोर!"

हजारो माना वळल्या. "तुमचाच ना हा?" काकांनी चैत्रालीला विचारलं.

"हळू, बाळा," ती म्हणाली. "मनात म्हण."

"बट आई, ही कान्ट हिअर इट इन माय मन."

आपला संघ एका गुणाने मागे, वेळ संपलेली, आणि चोवीस नंबरला एक फ्री थ्रो. बॉल आत गेला असता तर बरोबरी. चोवीस नंबरने रेषेवर उभं राहून बॉल आपटला. आपल्याच माणसाचा नेम चुकावा म्हणून सगळ्या स्टेडियमने श्वास रोखून धरला. चैत्रालीने ईशानच्या तोंडावर हात ठेवला. तळव्याखाली त्याचे ओठ हलत होते.

बॉल रिंगभोवती फिरला आणि बाहेर पडला.

सुटलो, असं काकांना इतक्या आतून वाटलं, की वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "गणपती बाप्पा..." मंडळाच्या रांगांनी छत हादरेल असं "मोरया!" म्हटलं. काय म्हणायचं हे न कळूनही उरलेलं स्टेडियम उभं राहिलं आणि बेभान टाळ्या वाजवायला लागलं. काटा पिवळी रेषा ओलांडून पार टोकाला जाऊन अडकला.

"पण आम्ही हरलो," फाटकावरच्या कर्मचाऱ्याला काका समजावत होते.

"सर, कोण जिंकलं हे नियमात नाही. आनंद किती झाला, तेवढंच बघतात." मग त्याने खाली पाहिलं. ईशान हुंदके देत होता. "याचं काही नाही. जाऊ दे, बेटा."

"का?" चैत्रालीने विचारलं.

"संघ हरल्यावर ज्याला रडू येतं, तो खरा चाहता. त्याला माफी आहे. पण फारसं कुणी मागायला येत नाही."

ईशान फाटकापलीकडे गेला. बातमी रांगेत मागे मागे गेली.

"येतंय का काही डोळ्यांत?" प्रथमेशने हळूच विचारलं.

"बघतेय."

तिने मागे वळून पाहिलं. सगळ्या रांगेने डोळे मिटले होते. जो तो आपापलं दुःख शोधत होता. काकूंना व्हिसा नाकारलेली बहीण सापडली. प्रथमेश ले-ऑफच्या आठवणीवर मेहनत घेत होता. हरलेली मॅच मात्र कुणालाच आठवत नव्हती. चैत्रालीने वर्षानुवर्षं रखडलेलं ग्रीन कार्ड आठवलं, आणि तिचे डोळे भरून आले.

पलीकडून ईशानने ते पाहिलं. आपले डोळे जॅकेटच्या बाहीला पुसून तो म्हणाला, "इट्स ओके, आई. नेक्स्ट टाइम वी विल विन."

ते ऐकून कर्मचाऱ्याने आदराने फाटक उघडलं. चैत्रालीने त्याचा गैरसमज दूर केला नाही. आपणही केला नसता.