मी नवशीचं काम पक्कं केलं

तहसीलमध्ये तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कागदाची भीती नसते. म्हणून नवशीच्या ऑपरेशनचे कागद मीच करणार, असं मी अर्ध्या घोलवडला सांगून टाकलं.

नवशी आठ वर्षांची, वेवजी गावची. आईवडील गेल्यावर आजीकडे होती. आजीनं अंथरूण धरलं, तेव्हा बालकल्याण समितीनं तिला सांभाळायला आमच्याकडे दिली. आली तेव्हाच डावा कान वाहत होता. सरकारी दवाखान्यातल्या सुषमा सिस्टर म्हणाल्या, "गुरुवारी कानाचे सर्जन येतायत. तिचं उपचाराचं कार्ड आणि समितीचं पत्र आणा, फुकट होईल."

"एवढंच? मी काम पक्कं करतो," मी म्हणालो.

पक्कं म्हणजे आजीच्या रेशन कार्डावरून नवशीचं नाव कमी करायचं आणि आमच्या कार्डावर चढवायचं. "अहो, सिस्टरनी असं कुठे सांगितलं?" भाविका म्हणाली. बायकोला ऑफिसातलं काय कळतं, असं मी तिला ऐकवलं.

जुन्या ओळखीवर नाव कमी एका दिवसात झालं. चढवताना 'नातं' या रकान्यात मी छाती फुगवून 'मुलगी' लिहिलं. खिडकीवरच्या मॅडमनी भाविकाचं वय वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, काकी एकसष्टच्या. मुलगी आठची?"

"सांभाळायला घेतलीय."

"दत्तक? मग दत्तकपत्र द्या."

"दत्तक नाही."

"मग मुलगी कशी?"

मी चिडून 'मुलगी' खोडलं आणि 'पाहुणी' लिहिलं. पाहुण्यांची नावं रेशन कार्डावर चढत नाहीत, असं सांगून मॅडमनी अर्ज परत केला.

गुरुवारी सिस्टरनी संगणकात बघितलं. "नवशी कुठेच दिसत नाही. तिचं उपचाराचं कार्ड आजीच्या रेशन कार्डावरच चालू होतं."

"तिथलं नाव मी कमी केलं."

"का?"

इतका छोटा प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नव्हता.

सर्जन दोन वाजता निघून गेले. पुढची तारीख महिन्यानं. "समितीच्या पत्रात तुम्ही 'प्रतिपालक', म्हणजे सांभाळणारे, असं लिहिलंय, काका. जुन्या कार्डाबरोबर तेच दाखवायचं होतं," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी सगळे कागद भाविकाच्या हातात दिले.

परतताना भरलेल्या रिक्षात नवशीनं विचारलं, "काका, आज ऑपरेशन का नाय झालं?"

"माझी चूक झाली गं," मी हळूच म्हणालो.

तिनं मान वळवून उजवा कान पुढे केला. "मोठ्यानं सांगा."

मी मोठ्यानं सांगितलं. ड्रायव्हरनंसुद्धा मागे वळून बघितलं.

"मलाही नीट ऐकू आलं नाही," भाविका म्हणाली.

मी परत सांगितलं.