सईदची कंबर

सईदने बेत अगदी पक्का केला होता. महाडच्या एका कारखान्यात तो माल रवाना करायच्या कामावर होता. ट्रक लावायचे, ड्रायव्हरांशी भांडायचं आणि उशीर झाला की मुंबई ऑफिसच्या शिव्या खायच्या. हल्ली फोन वाजला की तो टेबलावरून उठून जायचा. न वाजणारा नुसता समोर दिसला तरी जायचा. पण थकलोय, असं सांगायची सोय नव्हती. स्टोअरमधल्या श्रीपतने मागे सांगून पाहिलं होतं. लोक अजून त्याला वेड्यात काढत "ठाण्याला कधी निघालास?" विचारत होते.

म्हणून सईदने कंबर धरली, रजा घेतली आणि जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसला. कंबरेवर कोण संशय घेणार?

नेमका तिथे मोरू आला. कारखान्यातला हमाल, खरूज झालेल्या मेव्हण्याला घेऊन आलेला. त्याने सईदला पाण्यात पाहिलं आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली.

सईद कामावर परतला तर त्याची खुर्ची कोपऱ्यात गेली होती. चहा टेबलावर न येता खिडकीत आला. ड्रायव्हर दारातूनच बोलू लागले.

"मोरू, झालंय काय रे?"

"काय नाय, सईदभाय." मोरू जरा मागे सरकला. "लाजायचं नाय. सवच्या पाण्यानं खरूज जाते."

संध्याकाळी घरी बायकोने, झुबेदाने, त्याचा टॉवेल वेगळा टांगला होता. "बाजारात सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली, "मलाच तेवढं नाही सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर दळवीसाहेबांनी बोलावलं. साहेब टेबलापलीकडूनच म्हणाले, "बरं होईपर्यंत घरी बसा. पुढचं मग बघू."

पुढचं म्हणजे काय, ते सईदला कळलं. नोकरी जाणारच होती, तर निदान खऱ्या दुखण्याने जावी.

"साहेब, खरूज नाही मला. कंबरही ठीक आहे. मी थकलोय. फोन वाजला की हात कापतात. सकाळी गेटवरूनच परत फिरावंसं वाटतं."

साहेब उठले, दार लावलं आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"माझेही कापतात," ते हळूच म्हणाले. "कुणाजवळ बोललात का हे?"

"नाही."

"मग नकाच बोलू. त्यापेक्षा खरूज राहू दे. थोडे दिवस फोन दुसरं कुणीतरी घेईल."

सईद बाहेर आला. सगळं ऑफिस त्याच्याकडे बघत होतं. त्याने बाही वर सारली आणि सगळ्यांना दिसेल असं कोपर खाजवलं.