भुताची निर्मळ आवृत्ती

समीक्षकाचं एक तत्त्व होतं. डिस्कच्या डब्यावरचं प्लॅस्टिक फाडायचं नाही. फाडलेला डबा संग्रहातून बाद होतो, आणि जुन्या भयपटांच्या, जुन्या मालिकांच्या शौकिनांना याहून भयंकर काही माहीत नाही. तो डबा हातात तोलायचा, कानाशी हलवून बघायचा, मागचा मजकूर भिंगातून वाचायचा आणि तारे द्यायचा. त्याच्या शब्दावर लोक डबे मागवायचे आणि तेही फाडायचे नाहीत. सगळं सुरळीत चाललं होतं.

अशात एका जुन्या भूतमालिकेची धुऊनपुसून काढलेली आवृत्ती आली. तिच्यातलं खिडकीतलं भूत म्हणजे समीक्षकाची सख्खी आत्या. आयुष्यातली तिची एकमेव भूमिका. समीक्षकाने पाच तारे दिले आणि ‘चित्रावर एकही डाग नाही’ असं छातीठोक लिहिलं. डब्याच्या पाठीवर तसं छापलंच होतं.

दुपारी आत्या केस काळे करून, दोन शेजारणींना घेऊन हजर झाली.

“लाव.”

“आत्या, फाडावं लागेल गं.”

“मग फाड की! मी आत आहे, डब्यावर नाही.”

त्याने तोंड फिरवून कात्री चालवली. चित्र आरशासारखं लख्ख होतं. नायिका खिडकीकडे बघून किंचाळली. खिडकीत कुणीच नव्हतं. तरी ती रीतसर बेशुद्ध पडली.

“पडदे छान आहेत हं,” एक शेजारीण म्हणाली.

आत्या हळूच म्हणाली, “अरे, मी कुठेय?”

समीक्षकाने कंपनीला फोन लावला. अधिकारी अत्यंत नम्र होता.

“आमचं यंत्र नियमाने चालतं. पांढुरकं, धूसर आणि विनाकारण हलणारं जे दिसेल, तो डाग.”

“अहो, तो डाग माझी आत्या आहे!”

“असतील. पण डाग खपवून घेणार नाही, असं तुम्हीच मागे ठणकावलं होतंत. शिवाय एकही तक्रार नाही. उलट ग्राहक लिहितात, ‘भूत बघून पाचावर धारण बसली.’ एवढ्या प्रत्यक्षदर्शींपुढे आत्यांची गैरहजेरी ग्राह्य धरता येत नाही.”

“मग मी करू काय?”

“भूत दिसलं नाही असं लिहून देणारा एक ग्राहक आणा. घरचा, शेजारचा चालणार नाही. आणि लवकर आणा. मूळ टेप सोमवारी नष्ट करायची आहे.”

समीक्षकाने त्याच बैठकीत वाचकांना कळकळीचं आवाहन लिहिलं. ‘डबा फाडा, डिस्क लावा, खिडकीत बघा. माझ्या आत्याचा प्रश्न आहे.’ आत्या चष्मा लावून शेजारी बसली.

प्रतिक्रियांचा पाऊस पडला. ‘नेहमीप्रमाणे अप्रतिम समीक्षा.’ ‘लगेच दोन डबे मागवले.’ ‘भूत तर भन्नाटच!’

“फाडला का रे कुणी?” आत्याने विचारलं.

समीक्षकाने सर्वांत ताजी प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली.

‘पूर्ण वाचलं नाही, पण शब्दाशब्दाशी सहमत.’