अमृतराव साळिंदराची एकोणचाळीस घरं

पत्रानं उन्हाळी वाचन शिबिर घेणारा मराठवाड्यातला पहिला ग्रंथपाल मीच! खोटं वाटत असेल तर आमच्या तहसील कचेरीत जाऊन बघा. माझ्या शिबिराची फाईल तिथं आहे, लाल फडक्यात बांधलेली, चांगली उशीएवढी जाड. गावाचं नाव मात्र विचारू नका. त्या कचेरीतली निम्मी माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत. निलंग्याची एसटी आमच्या स्टँडवर पाणी प्यायला थांबते, एवढ्यावर भागवा.

साल पंचाण्णव. भूकंप होऊन दीड वर्ष उलटलेलं. आसपासची गावं पत्र्याच्या शेडात राहत होती आणि तिकडं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. त्यातलेच एक क्लासवाले सर आमच्याकडं शाखा काढायला आले आणि त्यांचा डोळा नेमका वाचनालयाच्या बालविभागाच्या खोलीवर पडला! लागलीच अध्यक्ष अण्णारावांनी मला बोलावलं.

"सिद्धलिंगप्पा, त्या खोलीत पोरं कुठं दिसायलीत? नुसत्या पाली फिरतात!"

"अण्णा, मे महिना आहे. या उन्हात खेड्यातली पोरं येणार कशी?"

"न्हाई येत ना? मग देऊन टाकू क्लासला."

माझं डोकं सणकलं. वीस वर्षं मी ती खोली सांभाळली होती. भूकंपात कपाटं आडवी झाली तेव्हा एकेक पुस्तक माझ्या हातानं झटकून लावलं होतं. मी म्हणालो, "पोरं येत नसतील तर पुस्तकं पोरांकडं जातील! घरी बसून वाचतील आणि पत्रानं कळवतील!"

अण्णारावांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "ठीक हाय. चाळीस पोरांच्या हातचे चाळीस कागद, एकतीस मेच्या आत, माझ्या टेबलावर. एक जरी कमी भरला तरी एक जूनला क्लास सुरू!"

"चाळीस? शंभर आणतो!" असं मी म्हणून गेलो. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

अकरा गावं निवडली, चाळीस पोरं निवडली. पुस्तकांचे गठ्ठे कंडक्टर बसवंतच्या सीटखाली टाकून गावोगाव रवाना केले. सोबत एक गोष्ट मी स्वतः लिहून सायक्लोस्टाईल करून घातली. वर चित्रही मीच काढलेलं! गोष्ट अशी, की अमृतराव नावाचं एक साळिंदर असतं, पावसात त्याचं घर पडतं आणि ते बायकापोरांसह उघड्यावर येतं. खाली पोरांना सूचना दिली: 'आता अमृतराव आपलं दुःख कुणाला कळवील? त्याच्या वतीनं पत्र लिहा आणि ज्याला लिहाल त्याच्याच पत्त्यावर खरोखर पोस्टात टाका. वर "द्वारा सार्वजनिक वाचनालय" असं लिहा, म्हणजे उत्तर माझ्याकडं येईल.'

काय डोकं होतं बघा! पत्र मामाला जाईल, मावशीला जाईल, मामा उत्तर देईल, मी सगळं गोळा करीन आणि अण्णारावांच्या टेबलावर ढीग घालीन.

दहा तारीख गेली. पंधरा गेली. पोस्टमन आला की मी चपला न घालता पळायचो. त्याच्याकडं विजेचं बिल सोडून काही नसायचं. क्लासवाले सर रोज येऊन खोलीची लांबीरुंदी मोजून जायचे. एकदा तर फळा कुठं ठोकायचा ते मलाच विचारलं!

बावीस तारखेला एकदाचं पाकीट आलं. पोस्टमननं नाही, कचेरीच्या शिपायानं आणलं. वर लिहिलेलं: 'श्री. अमृतराव, द्वारा सार्वजनिक वाचनालय.' आत नोटीस! 'आपण अकरा गावांत आपली एकोणचाळीस घरे पडल्याचे अर्ज केले आहेत. मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. अन्यथा शासनाची फसवणूक केल्याबद्दल गुन्हा दाखल करण्यात येईल.'

मी नोटीस घेऊन तडक कचेरी गाठली.

कचेरीत मलप्पा कारकून फाईल छातीशी धरून बसला होता. मला बघितल्यावर त्याचे डोळे चमकले. "या, या! तुमच्याच पत्त्यावर राहतो का ओ हा अमृतराव? बोगस लाभार्थी लई बघितले, पण एका माणसाला एकोणचाळीस घरं? निजामाला तरी होती का?"

"मलप्पा, अर्ज बघू तरी."

त्यानं फाईल उघडली आणि मी बघतच राहिलो. फुलस्केप कागद. डावीकडं समास. वर 'मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी'. विषय, संदर्भ, खाली 'सोबत' म्हणून जोडलेल्या कागदांची यादी. आणि अक्षर पाचवी-सहावीतल्या पोरांचं! एकानं लिहिलं होतं, 'अर्जदाराच्या अंगावर जन्मतः काटे असल्याने त्यास सामायिक शेडमध्ये ठेवल्यास शेजाऱ्यांना त्रास होतो, सबब स्वतंत्र शेड मिळावे.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'पंचनाम्यास आलेले साहेब बिळात न शिरता वरूनच परत गेले, तरी फेरतपासणी व्हावी.' प्रत्येकानं अमृतरावाचा पत्ता म्हणून आपापल्या गावाचं नाव टाकलं होतं. माझं चित्र कापून फोटोच्या जागी चिकटवलं होतं.

"फोटो लई अस्पष्ट हाय," मलप्पा म्हणाला. "पण दाढी वाढलेली दिसती. फरार असणार."

मामाला एकानंही लिहिलं नव्हतं. आधी मला राग आला, मग चूक लक्षात आली. मामाला कसं लिहितील? मामाचंही घर पडलेलं! दीड वर्ष या पोरांनी घरात एकच तऱ्हेचं पत्र बघितलं होतं. घर पडलं तर कुणाला सांगायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. काय लिहिलं होतं माझ्या पोरांनी!

पण अडकलो होतो बेकार. अर्ज माझे नाहीत म्हटलं तर मी सुटत होतो, पण खोली जात होती. माझेच म्हटलं तर गुन्हा!

तहसीलदार साहेब पुण्याकडचे, नवे. चष्मा पुसत म्हणाले, "कोण आहेत हे अमृतराव?"

"साळिंदर, साहेब."

"आडनाव नको. माणूस हजर करा."

"माणूस नाही साहेब. जनावर आहे. काटे असतात ते! गोष्टीतलं आहे, गोष्ट माझी आहे आणि हे अर्ज माझ्या पोरांनी लिहिलेत. गुन्हा घालायचा तर माझ्यावर घाला, पण असे अर्ज तुमच्या कचेरीत कुणी लिहून दाखवावेत!"

साहेबांनी चष्मा घातला. एक अर्ज वाचला, दुसरा वाचला. ओठ हलले, पण हसले नाहीत. मग तलाठ्यांचे चौकशी अहवाल काढले. दहा गावांतून एकच मजकूर: 'अर्जदार घरी आढळला नाही.' अकरावा अहवाल मात्र साहेबांनी मोठ्यानं वाचला. "'अर्जदार समक्ष भेटला. घर पूर्ण पडले आहे. स्वभावाने शांत. आमच्याबरोबर चहा घेतला.'"

साहेबांनी तो अहवाल मलप्पापुढं सरकवला.

"मलप्पा," साहेब हळूच म्हणाले, "हे तलाठी कोणाबरोबर चहा प्याले?"

मलप्पाला दरदरून घाम फुटला. पाच मिनिटांत प्रकरण निकाली निघालं. 'अर्जदार मनुष्य नसल्याने अर्ज निकाली.' गुन्हा नाही, काही नाही! मी हात जोडून म्हणालो, "साहेब, तेवढी पोरांची पत्रं द्या."

"ते आता सरकारी दप्तर आहे. नकलांसाठी अर्ज करा."

हात्तिच्या! अर्जच ना? मी ग्रंथपाल माणूस. रात्रभर बसून तीन पानी अर्ज लिहिला. ऊन, वाचन, बालमन, काही सोडलं नाही. मलप्पानं परत केला. दुसरा लिहिला, तोही परत. तिसरा तर त्यानं ठेवूनच घेतला, घरी बायकोला वाचून दाखवायला! तारीख उजाडली एकतीस.

त्या दिवशी कचेरीच्या पायरीवर शेडात राहणाऱ्या केवळाबाई भेटल्या. घराच्या यादीत त्यांचं नाव चढलं होतं, त्याची पोच घ्यायला लेकीला घेऊन आल्या होत्या. लेक तनुजा, सहावीतली, माझ्या शिबिरातली! मलप्पा आतून ओरडला, "सर, त्या पोरीकडनं लिवून घ्या! तिच्या आईचा अर्जबी तिनंच लिवलाय, एका झटक्यात पास झाला."

तनुजानं माझा परत आलेला अर्ज वाचला. बिचारीनं पानं मागंपुढं उलटून बघितली. मग म्हणाली, "सर, काय पायजे ते पैल्या ओळीतच लिवायचं असतंय." आणि पाच ओळींत अर्ज हातात ठेवला. मी सही केली. दुपारी दोनला नकलांचा गठ्ठा माझ्या काखेत!

धापा टाकत वाचनालयात पोचलो. क्लासवाले सर कुलूप घेऊन हजर होते. आणि नोटिशीतला आकडा मला तेव्हा कुठं आठवला. एका पोराला गोवर आलेला. अर्ज एकोणचाळीसच!

अण्णारावांनी गठ्ठा घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागले. हसले, थांबले, पंच्यानं डोळे पुसले, पुन्हा हसले. तासभर क्लासवाले सर उभेच! शेवटी अण्णाराव मोजायला लागले. "...अडतीस, एकोणचाळीस... चाळीस! भरले की ओ! सर, तुम्ही दुसरीकडं जागा बघा."

चाळीस? मी मान लांब करून बघितलं. माझ्या तिसऱ्या अर्जाचं पहिलं पान मलप्पानं गठ्ठ्यात टाचलं होतं. घाईत माझं अक्षर पोरांसारखंच गिचमिड आलेलं, आणि त्या पानावर ऊन होतं, वारा होता, बालमन होतं. अर्ज कुणाचा आणि पाहिजे काय, हे दुसऱ्या पानावर होतं!

अण्णारावांनी ते पान दोनदा वाचलं आणि चेहरा वाकडा केला. "सिद्धलिंगप्पा, बाकी पोरं लई हुशार हायत. हे एक मात्र अगदीच कच्चं हाय. काय म्हनायचंय त्येला, काईच कळंना."

मी क्लासवाल्या सरांच्या हातातल्या कुलपाकडं बघितलं, आणि मान खाली घातली.

"हाव अण्णा," मी म्हणालो. "त्याच्यावर जरा मेहनत घ्यावी लागंल."