एक्केचाळीस गुणांची फत्ते

आमवाताच्या मोहिमेचे वर्तमान सकळांस यथास्थित कळावे, मागाहून कोणी तिखटमीठ लावू नये, म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले आहे. राजश्री घड्याळजी, वय सदुसष्ट, डोळ्यास भिंग, जिभेस कुलूप. त्यांचे कुटुंब शिंपीणबाई, कातरीची तेज, जिभेची त्याहून तेज. चार वर्षांमागे आमवात नामे गनीम बाईंच्या बोटांच्या पेरापेरांत ठाणी घालोन बसला, आणि सकाळी दोन-दोन घटका मुठी वळेनात, आणि शिलाईयंत्रावर चादर पडली; परंतु 'दुखते' हा शब्द बाईंनी घराचा उंबरठा ओलांडू दिला नाही.

मग घड्याळजींनी गुप्त मसलत केली जे, बाई उठण्यापूर्वी स्वयंपाकघरावर चाल करोन मीठ, साखर, कॉफी ऐशा कुल बरण्यांची झाकणे सैल करावी आणि नुसती वर टेकवोन ठेवावी. मग बाई उठत, एका पिळात बरणी सर करीत, आणि नवऱ्याकडे पाहोन मान उडवीत. घड्याळजी चहा पीत. ऐसा अंमल चार वर्षे बिनबोभाट चालला.

अशात दवाखान्याचा हुकूम जाहला जे, नवे इंजेक्शन द्यावे की न द्यावे, हे रोग्यास नित्याची कामे किती जमतात ते मोजोन ठरेल. वीस सवालांचा कागद. सहज जमते त्यास शून्य, मुळीच जमत नाही त्यास तीन. बेरीज पंचविसावर गेली तरच इंजेक्शन. म्हणजे येथे गुण जितके अधिक तितकी दैना अधिक. परंतु बाई परीक्षेस बसावे तैशा बसल्या. बटणे लावता येतात काय? बाईंनी आपल्या कपड्यांची बटणे कधीच कापोन चिकटपट्ट्या लावल्या होत्या, शून्य. नळ फिरवता येतो काय? नळास घड्याळजींनी वीतभर दांडी बसविली होती, शून्य. बरणी उघडता येते काय? येथे तर शून्य ऐसे गिरविले की कागद फाटावा. एकूण बेरीज चार.

डॉक्टरीणबाईंनी निवाडा दिला, "चारच? मग छानच की! हेच औषध चालू ठेवू. सहा महिन्यांनी या."

बाई फुलल्या. घड्याळजी मात्र पेचात पडले. बोलावे तर बाईंचा मान जातो, न बोलावे तर उरलीसुरली बोटे जातात; इकडे आड, तिकडे विहीर. मग त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरिले आणि कबुलीजबाब दिला.

"झाकणं मी सैल करतो. रोज. तू उठायच्या आधी."

"सगळी?"

"सगळी. कॉफीचंसुद्धा."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरची कापसाची बरणी पुढे सरकविली. बाईंनी तीजवर तीन हल्ले केले, आणि तिन्ही वेळा झाकण जागचे हलले नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्या नवऱ्यावर कडाडल्या, "चार वर्षं वेड्यात काढलंत मला! आणि मी म्हणत होते, शेजारणीच्याच बरण्या मेल्या इतक्या घट्ट कशा!"

हे ऐकोन डॉक्टरीणबाईंस हसू आवरेना, आणि घड्याळजी हसले, आणि शेवटी बाईही हसल्या. मग बाईंनी कोरा कागद मागविला, आणि वीसही सवाल पहिल्यापासोन खरेपणाने लढविले. केस विंचरणे खरेच जमत होते, तेथे शून्य लिहिण्याचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही. बेरीज एक्केचाळीस. इंजेक्शन मंजूर जाहले, आणि घड्याळजींनी तेथोनच लेकीस फोन लाविला, "एक्केचाळीस पडले गं आईला!" आणि लेकीने अभिनंदन केले.

दवाखान्याबाहेर सात पायऱ्या होत्या. आजवर त्या उतरताना नवऱ्याने हात पुढे केला की बाई तो झिडकारीत. आज पहिल्याच पायरीवर त्या थांबल्या, आणि समोर रस्त्याकडे पाहत फर्मान सोडिले, "हात द्या."

घड्याळजींनी दिला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती दाखल केली असे. बाईंची मूठ पुरती वळत नव्हती, तरी घर येईपावेतो त्यांनी तो हात सोडिला नाही.